दाभण, गोणपाट आणि अर्ध्यावर थांबवलेला टाका

प्रश्न असा आहे : "कळंब्यात घरीच भरतकामाचा वर्ग सुरू केला आहे. दहा जणी येतात, सातवीतल्या मुलीपासून साठी ओलांडलेल्या काकूंपर्यंत. समोर करून दाखवलं की सगळ्यांना जमतं. दुसऱ्या दिवशी मात्र साखळीची टीप झालेली असते आणि देठाच्या टाक्याचं भलतंच काहीतरी. बाजारातली तयार किटं परवडत नाहीत. घरी करता येतील अशी कोणती साधनं वापरू? एक मुलगी डावखुरी आहे, तिला कसं शिकवू?"

ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गेली बावीस वर्षं भरतकाम शिकवते. पहिली चार-पाच वर्षं मीही तुमच्यासारखंच करत होते. हातात रिंग धरायची, सगळ्यांना भोवती बसवायचं, सावकाश टाका घालून दाखवायचा. "कळलं का?" "कळलं." मग एके दिवशी एका मुलीनं विचारलं, "बाई, सुई खाली गेल्यावर तुम्ही तिकडं काय करता?" त्या प्रश्नानं माझी शिकवण्याची पद्धतच बदलली. अर्धा टाका कापडाच्या वर होतो, अर्धा खाली. शिकणारीला फक्त वरचा दिसतो. तोही जेमतेम तीन मिलिमीटरचा आणि त्यावर आपली बोटं आलेली. तेवढ्यातून ती उरलेलं सगळं अंदाजानं जोडते. घरी गेल्यावर अंदाज चुकतो, टाका बदलतो. तिची स्मरणशक्ती कमी नसते, तिनं तो टाका पूर्ण पाहिलेलाच नसतो.

म्हणून घरी केलेल्या साधनाकडून मी दोनच गोष्टी मागते. त्यानं टाका मोठा करून दाखवावा, आणि कापडाच्या खाली काय चाललंय ते उघडं करावं.

गोणपाटाची चौकट

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात रिकामी तागाची पोती मिळतात. प्लास्टिकची नकोत, त्यांची वीण सरकते. पोतं उसवून रात्रभर पाण्यात भिजवा, दोन उन्हं दाखवा. त्यानं धान्याची धूळ आणि किडे जातात आणि वासही कमी होतो. सुताराकडून दीड फूट बाय दीड फूट अशी लाकडी पट्ट्यांची चौकट करून घ्या. काच काढलेली जुनी फोटोफ्रेमही चालते. गोणपाट ताणून चारी बाजूंनी बारीक खिळे मारा. कडा सुटू नयेत म्हणून आधी त्यांवर फेव्हिकॉलचा बोटभर पट्टा फिरवून वाळवा.

सुई म्हणून पोती शिवायचं दाभण घ्यायचं. त्याचं टोक कानशीनं घासून बोथट करून घ्या, वर्गात लहान मुली असतील तर हे चुकवू नका. दोऱ्याच्या जागी जाड लोकर. सुतळी घेऊ नका. ती कुसळ्या सोडते, बोटांना टोचते आणि गोणपाटाच्याच रंगाची असल्यानं टाका दिसत नाही.

या चौकटीवर एक टाका दोन-तीन इंचांचा होतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकूंनाही तो चष्म्याशिवाय दिसतो. शिकवायच्या आधी गोणपाटावर रंगाचे ठिपके द्या : हिरवा म्हणजे सुई वर येते, लाल म्हणजे खाली जाते. माझ्या वर्गात हे रंग सगळ्या साधनांवर तेच असतात, कधी बदलत नाही.

आता चौकट आडवी न ठेवता दोन स्टुलांच्या मधे उभी धरा. एका बाजूला तुम्ही बसा, दुसऱ्या बाजूला शिकणारी. तुम्ही दाभण आत घातलं की तिच्या अंगाला बाहेर येतं. ती ते ओढून घेते आणि तुम्ही सांगाल त्या ठिपक्यातून परत पाठवते. दोघींनी मिळून एक टाका घालायचा. दहा मिनिटांत तिला टाक्याच्या दोन्ही बाजू कळतात, कारण एक बाजू तिनं स्वतः केलेली असते. मग जागा बदला. एकटीनं सराव करताना चौकट चार डब्यांवर आडवी ठेवून खाली घरातला आरसा ठेवायचा. मान वाकवली की उलटी बाजू दिसते.

तुमच्या वर्गात साखळीची टीप का होते, तेही इथंच सापडेल. साखळीची उलटी बाजू पाहा, ती हुबेहूब टिपेसारखी दिसते. टिपेची उलटी बाजू पाहिलीत तर ती देठाच्या टाक्यासारखी, एकावर एक चढलेली. देठाचा टाका उलटा केला की पुन्हा टीप. तिन्ही टाके एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. रिंगेवर शिकवताना आपण हे नातं कधी दाखवत नाही. चौकटीवर तिन्ही टाके एकाखाली एक घाला, मग चौकट फिरवा आणि मुलींनाच विचारा, कुठला कुठला ते. हा खेळ एकदा झाला की निम्मा गोंधळ जातो.

सुरुवात धावदोऱ्यापासून करा. आपल्याकडं घरोघरी वाकळ असते. काकूंना सांगा, वाकळ आणा. कडेनं सुरू करून आत आत जाणाऱ्या त्या ओळी म्हणजे धावदोराच. ज्या बाईला "मला भरतकामातलं काही येत नाही" असं वाटत असतं, तिच्या हाताला हा टाका आधीपासून ठाऊक असतो. वर्गात तिची भीड मोडायला हे फार उपयोगी पडतं. माझ्याकडं एक आजी यायच्या. सुई धरायला लाजायच्या. वाकळ समोर ठेवली तशी म्हणाल्या, "ह्ये व्हय? ह्ये तर मी जल्मभर करतोय की." त्या दिवशी मुलींना धावदोरा त्यांनीच शिकवला.

धावदोरा जमला की लगेच त्याची पुढची पायरी दाखवा. पिवळ्या लोकरीनं एक ओळ घालत जायची आणि त्याच भोकांतून लाल लोकरीनं मोकळ्या जागा भरत परत यायचं. दोन्ही बाजू सारख्या दिसतात. धारवाडकडच्या कसुती भरतकामातला गवंती नावाचा टाका तो हाच. तिथं धागे मोजून, गाठ न मारता घालतात. आपल्या भागातल्या कितीतरी जणींच्या घरी कसुती भरलेलं इरकल लुगडं असतं. ते आणून सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी दाखवा. गोणपाटावर आत्ता केलेलं आजीच्या पदरावर बारीक रूपात दिसलं की मुलींचे चेहरे बघण्यासारखे होतात.

भोकांचे पुठ्ठे, आणि माझी चूक

दुसरं साधन पुठ्ठ्यांचं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर रंगीत दोऱ्यानं शिवणं ही जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या बालवाडीपासून चालत आलेली गोष्ट आहे. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, दगड, पानं असं गावात मिळणारं साहित्य आलं. तुम्ही किटं परवडत नाहीत म्हणता, ताई, तेव्हा मला त्यांचीच आठवण होते. साधन जवळचं असलं की शिकणारी ते घरी पुन्हा करू शकते. किट संपलं की ते नवं विकतच आणावं लागतं.

पुठ्ठा शर्टाच्या खोक्याचा किंवा जाड लग्नपत्रिकेचा घ्या. भोकं दाभणानं पाडता येतात, पण कडा फाटतात. चपलेच्या कारागिराकडं पंच असतो, त्यानं स्वच्छ गोल भोक पडतं. माझे सगळे पुठ्ठे असेच झाले आहेत. लोकरीचं टोक नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवलं की ते कडक होतं, सुईची गरज राहत नाही. बुटाची नाडी तर तयारच असते.

प्रत्येक टाक्याला भोकांची मांडणी वेगळी लागते. टिपेला एकच ओळ पुरते, भोकं एकेक सेंटिमीटरवर. फुलीला समोरासमोर दोन ओळी. हेरिंगबोनला, म्हणजे एकमेकांना छेदत जाणाऱ्या तिरक्या टाक्यांनाही, दोनच ओळी, पण वरचं भोक खालच्या दोन भोकांच्या बरोबर मधे. साखळीचं भोक मात्र मोठं हवं. त्यातून दोरा वर येतो आणि त्याच भोकातून परत खाली जातो, म्हणजे लोकर दोनदा जायची आहे. लहान भोक पाडलंत तर मुली नाइलाजानं शेजारच्या भोकात सुई घालतील आणि तुमच्याच साधनानं त्यांना चुकीचा टाका शिकवलेला असेल. भोकांशेजारी आकडे लिहा : १ वर, २ खाली, ३ वर.

हे पुठ्ठे मुलींनी स्वतः करावेत. कोणत्या टाक्याला कुठं भोक लागेल हे ठरवताना टाका जेवढा समजतो तेवढा तयार पुठ्ठ्यावर समजत नाही.

आता चूक सांगते. एका वर्षी मी मुलींना तीन आठवडे पुठ्ठ्यांवरच ठेवलं. पुठ्ठे इतके सुंदर झाले की मला मोडवेना. मग साध्या कापडावर आणलं तर सगळ्यांचे हात थांबले. पुठ्ठ्यावर भोक तयार असतं, सुईला जागा शोधावी लागत नाही. शिवाय पुठ्ठा कधी चुरगळत नाही. दोरा कितीही ओढला तरी सपाटच राहतो. त्यामुळं त्यांना दोरा किती ओढायचा हे अजिबात शिकायला मिळालं नव्हतं. पहिल्याच दिवशी कापडाच्या चुण्या झाल्या आणि दोघी-तिघी नाराज होऊन यायच्याच बंद झाल्या. त्या मुलींचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून एक टाका पुठ्ठ्यावर एकच दिवस, दुसऱ्या दिवशी तोच टाका कापडावर, असा नेम ठेवला आहे.

अर्ध्यावर थांबवलेले टाके

एवढ्यातलं एकच काही करायला वेळ असेल तर हे करा. बाकीचं नंतर करता येईल.

मांजरपाटाचे पाच तुकडे घ्या, वीतभर लांब, चार बोटं रुंद. पहिल्यावर साखळीचा फक्त दोरा वर आलेला ठेवा. दुसऱ्यावर दोऱ्याचा फास करून सुई त्याच भोकात घातलेली. तिसऱ्यावर सुईचं टोक पुढं बाहेर आलंय आणि दोरा टोकाखाली अडकलाय. चौथ्यावर सुई ओढून फास बसलाय. पाचव्यावर दुसऱ्या कडीची सुरुवात. प्रत्येक तुकडा त्याच जागी थांबवून मागून दोरा पक्का करा. पाचही तुकडे एका पट्टीवर ओळीनं शिवा आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर लावा.

तुम्ही वर्गात हात चालवत असता तेव्हा टाका थांबत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, पण त्यात दोरा बोटानं उचलून बघता येत नाही. या पट्टीवर मुलगी स्वतः जाते, आपल्या हातातला टाका कितव्या तुकड्याशी जुळतो ते बघते आणि तिथून पुढं जाते. मला हाक मारत नाही. दहा जणींच्या वर्गात एकटी बाई सगळ्यांकडं एका वेळी बघू शकत नाही, ते काम ही पट्टी करते.

पट्टीत खरी सुई ठेवू नका. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडच्या दमट हवेत ती गंजते आणि कापडावर तांबडा डाग पडतो. मी उदबत्तीची काडी धुऊन, टोक तासून सुईच्या जागी घालते.

साखळी, देठाचा टाका, काज्याचा टाका आणि गाठीचा टाका अशा चार पट्ट्या असल्या तर पहिलं वर्ष निघतं. धावदोरा आणि टिपेला पट्टीची गरज नाही.

टाके सारखे येण्यासाठी

टाका कळला की पुढची अडचण लहानमोठ्या टाक्यांची. त्यासाठी साध्या कापडावर पेन्सिलीनं खुणा करत बसू नका, चौकडीचं कापड घ्या. गणवेशाच्या चौकडीचे उरलेले तुकडे शिंप्याकडं मिळतात, गांधीनगरला ठोक दुकानात कटपीस मिळतात. पाव इंचाचा चौकोन चांगला. एका चौकोनात एक टाका, झालं. फुली आणि काज्याचा टाका यावर फार पटकन बसतो. भरीव टाका शिकवताना पट्ट्यापट्ट्यांचं कापड घ्या आणि एक पट्टी भरायला सांगा. दोन्ही कडा आखलेल्याच असतात, फक्त दोरे शेजारी शेजारी बसवायचे. पट्टी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, नाहीतर दोरे लोंबतात.

वळणावर मात्र चौकडी कामाची नाही. तिथं जुनी एक्स-रे फिल्म धुऊन घ्या आणि तिच्या कडेला पाच-पाच मिलिमीटरवर कात्रीनं छोटे खाचे द्या. ती वाकते, त्यामुळं पानाच्या कडेवर ठेवून खाच्याखाच्यात ठिपका देता येतो.

दोरा किती ओढायचा, हे शब्दांत सांगता येत नाही. साखळीच्या आणि लेझी डेझीच्या फासात आगपेटीची काडी ठेवायला सांगा, दोरा काडीला टेकेपर्यंत ओढायचा आणि मग काडी काढून घ्यायची. पंधरा-वीस कड्या अशा झाल्या की बोटांना अंदाज येतो.

रिंगेचं आतलं कडं जुन्या सुती साडीच्या चिंधीनं गुंडाळून घ्या, म्हणजे कापड घसरत नाही. काम संपलं की रिंग काढायची, रात्रभर ठेवली तर वळ पडतो. बांगड्यांची रिंग करून पाहिली आहे, कापड ढिलं पडतं, तो खटाटोप करू नका.

दोऱ्याबद्दल एवढंच : लडीतला दोरा सहा पदरी असतो, नवशिकीला तीन पदर पुरेत. लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि वारंवार कापडातून जाऊन दोरा पिंजतो.

गाठीच्या टाक्याला गोणपाट चालत नाही. वीण मोकळी असल्यानं गाठ खाली निघून जाते आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं. त्यासाठी जुन्या घोंगडीचा तुकडा उत्तम. वीण घट्ट, लोकर दाट, गाठ वर बसून राहते. आधी सुई नकोच. पेन्सिलीला लोकरीचा एक वेढा द्यायचा, डाव्या हाताच्या अंगठ्यानं लोकर ताणून धरायची आणि ताण न सोडता पेन्सिल वेढ्यातून काढून घ्यायची. गाठीचा सगळा जीव त्या ताणात आहे. मग दाभणानं घोंगडीवर : वर आलेल्या जागीच खाली गेलं तर गाठ गायब होते, म्हणून एक-दोन धागे सोडून शेजारी.

शब्दसुद्धा साधनच असतात. साखळीला मी म्हणते, "ज्या दारानं आलीस त्याच दारानं आत जा." देठाच्या टाक्याला, "दोरा कायम खालच्या अंगाला." गाठीला, "वेढा, ताण, शेजारी." दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमानं. मुली घरी सुई घेऊन बसल्यावर ते मनात म्हणतात. एका मुलीनं मला सांगितलं, "बाई, मी काल दार चुकलो, म्हणून साखळी सुटली." तिला तिची चूक स्वतःला सापडली होती.

काकू आणि डावखुरी मुलगी

साठीच्या काकूंची अडचण बहुधा सुईत दोरा ओवण्याची असते, पण त्या ते बोलत नाहीत, "घरी काम होतं" म्हणून यायचं टाळतात. जुन्या वायरमधली तांब्याची बारीक तार चार इंच घ्या, मधे दुमडा, दोन्ही टोकं पिळून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा. दुमडलेला भाग नेढ्यातून पलीकडं जातो, त्यात दोरा अडकवून मागं ओढायचा. अशा दहा करून सगळ्यांनाच द्या, फक्त काकूंना दिलीत तर त्या वापरणार नाहीत. शिवाय मांडीवर गडद रंगाचं फडकं ठेवायला सांगा, पांढऱ्या कापडावरचे धागे स्पष्ट दिसतात.

डावखुऱ्या मुलीला शेजारी बसवू नका, समोर बसवा. समोरून तिला तुमचा उजवा हात आरशातल्यासारखा डावा दिसतो, आणि तिला नेमकं तेच हवं असतं. उभ्या चौकटीवर तर ती पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीनं येते. साखळी वरून खाली घालतात, त्यामुळं त्यात फरक पडत नाही. देठाचा टाका आणि काज्याचा टाका ती उजवीकडून डावीकडं घालेल. तिच्या देठाचा पीळ इतरांच्या उलट दिशेला कललेला दिसेल. ती चूक नाही, उसवायला लावू नका. दोघींनी मिळून एकच रुमाल भरायचा असेल आणि पीळ सारखा हवा असेल, तर तिनं दोरा सुईच्या वरच्या अंगाला ठेवायचा. तिच्यासाठी वेगळ्या पट्ट्या करा, ज्या टाक्यांची दिशा बदलते ते उलट दिशेनं. तेवढं काम तुम्हाला करावंच लागेल. वर्गातल्या सगळ्या वस्तू उजव्या हातासाठीच असल्या की ते मूल स्वतःलाच अडचण समजायला लागतं.

शेवटचं, प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून एक नमुन्याचं कापड द्या, हातभर लांब मांजरपाट. जो टाका जमला तो त्यावर एक ओळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉकचं १५९८ सालचं असं कापड आहे. त्या काळी बायका टाके आणि नक्ष्या अशाच कापडांवर उतरवून ठेवत, पुढं लागतील तेव्हा बघायला. तुमच्या मुलींच्या कापडावर वाकड्या ओळीही राहू द्या, फक्त शेजारी तारीख घालायला लावा. आणि दर आठवड्याला कापड तपासताना आधी उलटी बाजू बघा. सुलट बाजू देखणी असूनही उलट बाजूला लांब उड्या आणि गाठींचा गठ्ठा असेल, तर ती मुलगी अजून अंदाजानंच जोडते आहे. तिला पुन्हा एकदा चौकटीसमोर बसवा.

गोणपाट संपला असं लगेच समजू नका. लोकर उसवून गुंडाळून ठेवा. दाभणानं मोठी झालेली भोकं पाणी शिंपडून हातानं घासली की बरीचशी मिटतात. माझी एक चौकट चार बॅचना पुरली. पहिला टाका घालायच्या आधी मुलींना ते गोणपाट एकदा हाताळू द्या, आडवे-उभे धागे बोटानं मोजू द्या. पहिल्या दिवशी एवढंच केलंत तरी चालेल.